सोवळ्यातली तबकडी

पुण्याला सुट्टीवर जायची तारीख ठरली की माझ्या फोनवर याद्या यायला लागतात. मी तोक्योत, निशी-कासाईला राहतो. इथे तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, गणपतीत आरतीला टाळ वाजवणारे हातही मिळतात. त्यामुळे पुण्याहून इथे आणायचं फारसं उरलेलं नाही आणि इथून पुण्याला न्यायचं मात्र वाढत चाललं आहे. मावशीला गुडघ्याला चिकटवायच्या पट्ट्या हव्या असतात. भाच्याला हिरव्या चहाची किटकॅट. एका मामांना जपानी नेलकटर, कारण त्यांची नखं म्हणे देशी पात्याला दाद देत नाहीत. हे सगळं मी हसत आणतो. पण एक यादी अशी येते की ती उघडण्याआधी हातपाय धुवावेत.

ती आमच्या ओळखीतल्या एका काकांची. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तुमच्या ओळखीत त्यांची एक प्रत असणारच. आपण त्यांना कानसेन म्हणू. तानसेन होणं जमलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. यांना तेही जमलेलं नाही, पण ते पुढे येईल.

यादी रीतसर टाइप केलेली असते. अल्बमचं नाव, त्यापुढे क्रमांक, त्यापुढे शेरा. 'सीपी३५ हीच मालिका. सीपी३२ चालणार नाही. ओबी हवी. ओबी फाटकी असल्यास आधी फोटो पाठवणे. युरोपात प्रेस झालेली प्रत फुकट मिळाली तरी आणू नये.' शेवटचं वाक्य अधोरेखित. माझी आजी परान्न घ्यायची नाही, तेव्हा तिचाही सूर असाच लागायचा.

तर सिद्धान्त असा. गाणं तेच, गायक तोच, कंपनी तीच, सालही तेच. पण सीडी जपानात प्रेस झाली असेल तर आवाज मखमली. पश्चिम जर्मनीत झाली असेल तर शिस्तीचा, जरा कोरडा. अमेरिकेत झाली असेल तर पत्र्याचा. आणि भारतात? भारत म्हटल्यावर कानसेन डोळे मिटून घेतात, जसे आपण रस्त्यावरचा अपघात बघताना मिटतो. शब्दकळा तर अशी की साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वही काढावी. आवाजाला 'श्वास' असतो. 'पोत' असतो. दोन वाद्यांच्या मधे 'काळोख' असतो आणि तो जपानी प्रतीत जास्त काळा असतो. एका बासरीच्या तुकड्याला ते 'दवात भिजलेला' म्हणाले होते. पॉलिकार्बोनेटची बारा सेंटिमीटर व्यासाची चकती दवात भिजली तर पुसून घ्यावी लागते, एवढंच मला ठाऊक.

आता जरा बाळबोध बोलतो, तुम्हाला माहीत असेल तरी ऐकून घ्या. सीडीवर आवाज नसतो. आकडे असतात. दर सेकंदाला, डाव्या आणि उजव्या प्रत्येक वाहिनीसाठी ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. हे आकडे बारीक खळग्यांच्या रूपात आतून बाहेर जाणाऱ्या एका नागमोडी नव्हे, चांगल्या गोल गोल वाटेवर उमटवलेले असतात. ती वाट उलगडून सरळ केली तर पाचेक किलोमीटर भरते. लकडी पुलावरून निघाली तर कोथरूड डेपोच्या जवळपास पोचेल, आणि रहदारी नसल्यामुळे वेळेवर पोचेल. वाटेत खळगा नीट वाचता आला नाही तर त्याचीही सोय आहे. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली रीत वापरून आकडे अशा हिशेबाने विखरून ठेवलेले असतात, की वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा खरवडला गेला तरी हरवलेले आकडे जसेच्या तसे परत मिळतात. जसेच्या तसे. 'साधारण तसेच पण जरा कमी मखमली' असे नव्हे. सात आठे छप्पन्न. कोल्हापूरच्या पाढ्यातले छप्पन्न पुण्याच्या छप्पन्नापेक्षा तिखट लागतात का?

ज्याला खात्री करायची आहे त्याने दोन देशांतल्या दोन तबकड्या संगणकात उतरवून घ्याव्यात. त्यासाठी फुकटचं सॉफ्टवेअर गेली वीस-पंचवीस वर्षं पडून आहे. तबकड्या एकाच मास्टरवरून निघालेल्या असतील तर आकडे शेवटच्या बिटापर्यंत जुळतात. फार तर सगळी रांग सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पुढे किंवा मागे सरकलेली सापडते. हे मी एकदा कानसेनांना त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच दोन तबकड्या घेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं, चष्मा खाली केला.

"आकडे जुळतात रे," ते म्हणाले. "आत्मा?"

इथे माझ्यासारख्याने हात जोडावेत आणि चपला शोधाव्यात. प्रत्यक्ष बाजूला, अनुमान बाजूला, थेट आप्तवाक्य! गौतमापासून गंगेशापर्यंतच्या नैयायिकांनी जे खंडनमंडन केलं ते कोथरूडच्या एका दिवाणखान्यात दोन शब्दांत निकालात निघालं.

पण अशा समजुती हवेतून पडत नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. सोवळ्यालाही कधीकाळी काही कारण असेलच. एलपीच्या जमान्यात देशादेशांत फरक होता आणि तो चांगला ऐकू यायचा. एलपी म्हणजे आवाजाचीच खोदलेली घळ. व्हिनाइलमध्ये भेसळ असली, जुन्या रेकॉर्डी वितळवून त्यात ढकलल्या असल्या, साचा झिजेपर्यंत प्रती काढल्या असल्या, तर सुई त्याची चहाडी करते. १९७३ च्या तेलसंकटाने व्हिनाइल महागलं आणि कित्येक ठिकाणी रेकॉर्डी पापडासारख्या पातळ झाल्या. जपानी रेकॉर्डी मात्र शांत असत. तोशिबाने धूळ चिकटू नये म्हणून लाल रंगाचं खास व्हिनाइल वापरलं होतं. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी नावाच्या चोखंदळ कंपनीने आपल्या रेकॉर्डी जपानात, जेव्हीसीकडे प्रेस करून घेतल्या. तेव्हा 'जपानी प्रेसिंग आण' म्हणणारा माणूस शहाणा होता. आज कानसेन सीडीबद्दल तेच म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

आणि सीडीचा कारखाना वाईट निघाल्याचा दाखलाही मीच देतो, कारण कानसेनांना तो माहीत नाही आणि मला उपकार करायला आवडतं. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न इथे पीडीओ नावाचा कारखाना होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं तिथून निघालेल्या अनेक तबकड्या कालांतराने कडेकडून तांबूस पडत गेल्या. वरच्या लाखेला वेष्टनाच्या कागदातलं गंधक सोसलं नाही आणि आतला धातू काळवंडला. परिणाम काय झाला? तबकडी खरखरायला लागली, अडकायला लागली, मेली. लक्षात घ्या, ती 'जरा कमी उबदार' झाली नाही. सीडी आजारी पडली की तिला थेट आचके लागतात. तिला किंचित खिन्नता येत नाही.

बरं, इतिहास तरी कानसेनांच्या बाजूने आहे का? १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. त्याच दिवशी सीडीही आल्या, त्यात अग्रमान बिली जोएलच्या 'फिफ्टी सेकंड स्ट्रीट'चा, क्रमांक ३५डीपी-१. यातले ३५ म्हणजे काय, ठाऊक आहे? ३,५०० येन. किंमत! कानसेन ज्या सीपी३५ चा गोत्र-प्रवरासारखा उच्चार करतात आणि जिच्यापुढे सीपी३२ त्यांना हलक्या कुळातली वाटते, ते कुळ म्हणजे छापील विक्री किंमत आहे. पुढे सीडी तीनशे येनांनी स्वस्त झाली, म्हणून ३२. उद्या कुणी म्हणालं की मी फक्त पन्नास रुपयांचाच दिवाळी अंक वाचतो, चाळीसच्या अंकातल्या कवितांना श्वास नसतो, तर आपण त्याला पाणी देऊन खुर्चीत बसवू.

त्याहून मजा अमेरिकेची. पत्र्याचा आवाज ज्यांचा, त्या अमेरिकेत सीडीचा कारखानाच १९८४ पर्यंत नव्हता. तो इंडियाना राज्यात टेरे होट इथे निघाला, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली सीडी ब्रूस स्प्रिंगस्टीनची 'बॉर्न इन द यूएसए', हा योगायोग कुणी जुळवून आणला असेल त्याचं कौतुक. त्याआधी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीडी जपानातून किंवा पश्चिम जर्मनीतून प्रेस होऊन यायच्या. म्हणजे कानसेनांच्या कपाटात 'अमेरिकन' म्हणून खालच्या फळीवर टाकलेल्यांपैकी काही तबकड्या शिझुओकाच्या अस्सल जपानी निघायच्या. मी त्यातल्या दोन काढून मधल्या कड्यावरची अक्षरं त्यांना दाखवली. पुढच्या भेटीत त्या वरच्या फळीवर होत्या. आवाजही सुधारला होता म्हणे.

आता तीर्थक्षेत्राकडे वळू. या पंथात एक काशी आहे: बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची तोशिबा-ईएमआयने १९८३ मध्ये काढलेली जपानी सीडी. बीटल्सचे अल्बम अधिकृतपणे सीडीवर आले ते १९८७ मध्ये. ही त्याच्या चार वर्षं आधीची, लंडनच्या मालकांची मंजुरी नसताना निघालेली आणि मग मागे घेतलेली. दुर्मीळ, म्हणून महाग. महाग, म्हणून श्रेष्ठ. पण ती उतरवली कशावरून? लंडनच्या मूळ मास्टर टेपवरून नव्हे, जपानला पाठवलेल्या टेपच्या प्रतीवरून. टेपची प्रत काढली की दर पिढीला थोडी सळसळ वाढते, थोडी धार जाते; हे ज्याच्या घरी दोन डेकांचा टेपरेकॉर्डर होता त्या प्रत्येकाला माहीत आहे. शुद्धतेचे हे पुजारी ज्या पिंडीवर अभिषेक करतात ती मूळ पिंडीची नक्कल आहे. मी हे सांगितलं तेव्हा कानसेन म्हणाले, "पण जपान्यांनी नक्कल किती निष्ठेने केली असेल!"

याच सुरुवातीच्या अनेक जपानी तबकड्यांत आणखी एक चीज असे, प्री-एम्फसिस. रेकॉर्ड करताना वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम चढवायचा, सोबत एक खूण ठेवायची, आणि प्लेअरने ती खूण ओळखून तो तेवढाच उतरवायचा. युक्ती चांगली. पण आज लोक तबकडी संगणकात उतरवतात आणि बऱ्याचदा ती खूण वाटेतच हरवते. चढवलेला आवाज चढलेलाच राहतो. झांजा कानात टाचण्यांसारख्या शिरतात. कानसेनांनी आपला सगळा संग्रह असाच उतरवून घेतला आहे आणि ते त्या टाचण्यांना 'जपानी झळाळी' म्हणतात. आमटीत दोनदा मीठ पडावं आणि पाहुण्याने सुगरणीचा हात विचारावा, तसं आहे.

मग फरक कधीच नसतो का? असतो की. चांगला ढळढळीत असतो. पण तो मास्टरिंगचा: कुठली टेप घेतली, कुणी घेतली, कुठल्या साली, आणि आवाज किती फुगवला. १९९० नंतर प्रत्येक कंपनीला आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं, म्हणून हळू आणि जोरकस यांतला फरकच चेपून टाकला गेला. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा तो इतका चेपलेला होता की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती चाहत्यांना सीडीपेक्षा बरी वाटली. तेव्हा १९८४ ची जपानी प्रत नंतरच्या 'सुधारित' प्रतीपेक्षा कानाला गोड लागू शकते. ती १९८४ मुळे गोड लागते. त्याच साली त्याच मास्टरवरून लुधियानात प्रेस केली असती तरी तितकीच गोड लागली असती. पण लुधियानाची ओबी नसते.

ओबी म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. सीडीच्या डाव्या अंगाला गुंडाळलेल्या कागदी पट्टीलाही तेच नाव. तिच्यावर जपानीत अल्बमचं नाव, जाहिरात, किंमत. सीडी उघडताना जी आपण टराटरा फाडून फेकली असती, ती पट्टी शाबूत असेल तर जुन्या बाजारात तबकडीचा भाव वाढतो, कधी कधी दुपटीहून जास्त. शालूपेक्षा किमतीची चिठ्ठी महाग! आणि आवाज तर तिच्यात एक बिटचाही नाही.

इथे मला जपानी लोकांविषयी बोललं पाहिजे, कारण कानसेनांच्या मनातला जपानी माणूस आणि माझ्या शेजारचा जपानी माणूस यांची कधी गाठ पडलेली नाही. जपानात सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती कमी करता येत नाही. १९५३ पासून कायद्यानेच तशी मुभा आहे. पुस्तकांना, वर्तमानपत्रांना आणि रेकॉर्डींना. त्यामुळे परदेशी कलाकाराची जपानी आवृत्ती महाग आणि तोच अल्बम अमेरिकेतून आणलेला स्वस्त. शिबुयाच्या टॉवर रेकॉर्ड्समध्ये दोन्ही विकायला असतात. (मूळ अमेरिकन टॉवर २००६ मध्ये बुडाली, जपानी टॉवर आधीच वेगळी झाल्यामुळे अजून उभी आहे.) जपानी ग्राहकाने काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. तो अमेरिकन प्रत घ्यायला लागला. मग त्याला परत आणण्यासाठी जपानी कंपन्यांनी आवृत्तीत एखादं जास्तीचं गाणं घालायला सुरुवात केली. ज्या 'बोनस ट्रॅक'च्या नावाने कोथरूडमध्ये गहिवर येतो, ते जपानी माणूस जपानी सीडी घेत नाही म्हणून दिलेलं खोबरं आहे.

आणि ओचानोमिझूचा तो प्रसंग सांगतो, मग तुम्हीच ठरवा. जुन्या सीडींच्या दुकानात मी कानसेनांची यादी घेऊन उभा होतो. शेजारी शास्त्रीय संगीताच्या खणापाशी एक वयस्क जपानी गृहस्थ, टोपी, हातमोजे, खिशातून काढलेलं छोटं भिंग. ते सीडीच्या आतल्या कड्यावरचे आकडे वाचत होते. चेहऱ्यावरचा भाव तोच, मी ओळखला. जगभरचे कानसेन एकाच साच्यातून निघतात, आणि तिथे मात्र प्रेसिंगमध्ये जराही फरक नाही. माझ्या मोडक्या जपानीत मी विचारलं, काय शोधताय? ते कुजबुजले, "निशी-दोइत्सु." पश्चिम जर्मनी. हानोव्हरजवळची, मधल्या भोकापर्यंत धातूचा लेप चकाकणारी. मी म्हटलं, जपानी प्रेसिंग? त्यांनी दातांतून हवा आत ओढली. जपानात याचा अर्थ 'नाही' असतो. त्यांनी जितकी ओढली त्यावरून 'शी' असावा.

म्हणजे पुण्याचा माणूस जपानी प्रतीसाठी समुद्र ओलांडतो आणि जपानी माणूस त्याच दुकानात तिला ओलांडून जर्मन प्रत उचलतो. खरं तर जगातली पहिली विक्रीची सीडी हानोव्हरच्या त्याच कारखान्यात ऑगस्ट १९८२ मध्ये प्रेस झाली, तेव्हा मूळपीठ म्हणायचं तर आजोबांचं जास्त खरं. फक्त पश्चिम जर्मनी हे नाव ३ ऑक्टोबर १९९० ला नकाशावरून गेलं. त्या रात्री बारा वाजता मशीन तेच, कामगार तोच, पॉलिकार्बोनेट तेच. आणि आवाजातून 'पश्चिम' गेला? मला आजोबांना विचारायचं होतं. पण ते भिंगात परत शिरले होते.

दुकानदार मात्र कुठल्याही देशाचा असो, तो आपल्याला ओळखून असतो. २००८ च्या सुमारास जपानात एसएचएम-सीडी आली. एलसीडी पडद्यांसाठी बनवलेलं जास्त पारदर्शक पॉलिकार्बोनेट, म्हणून आवाजही म्हणे जास्त पारदर्शक. पाठोपाठ एचक्यूसीडी आणि सोनीची ब्लू-स्पेक, मग ब्लू-स्पेक टू, मग प्लॅटिनम, मग यूएचक्यूसीडी. दर दोन-चार वर्षांनी तेच अल्बम नव्या सोवळ्यात. त्यात युनिव्हर्सलने जे केलं त्याला मी मनापासून सलाम करतो. १००० येनला दोन तबकड्यांचा संच: एक साधी सीडी, एक एसएचएम, दोन्हींवर तीच गाणी. घरी न्या आणि स्वतः ताडून बघा! एकाच पेटीतले हापूस दोन टोपल्यांत ओतून 'हा देवगड, हा रत्नागिरी' म्हणणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. दोन्ही टोपल्या एकदम विकून 'फरक तुम्हीच सांगा' म्हणणारा त्याच्या चार पावलं पुढे. आणि लोकांनी सांगितला हो फरक! पानंच्या पानं सांगितला.

कानांची गोष्ट कानांनी सुटत नाही याची दोन साक्षीपत्रं देतो आणि पुढे जातो. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी भारी दर्जाचं रेकॉर्डिंग थेट आणि तेच साध्या सीडीच्या मापात कोंबून, असं लोकांना न सांगता ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर २७७ आलं असतं. दुसरी साक्ष २०२२ ची. वर ज्या मोबाइल फिडेलिटीचा उल्लेख आला, तिच्या महागड्या एलपी 'संपूर्ण ॲनालॉग' म्हणून पूजल्या जात. त्या बनवताना मधे डिजिटल टप्पा वर्षानुवर्षं होता, हे उघड झालं. भांडण सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. डिजिटलचा वासही सहन न होणाऱ्या हजारो सुवर्णकर्णांपैकी इतक्या वर्षांत एकालाही तो टप्पा ऐकू आला नव्हता. सांगितल्यावर मात्र सगळ्यांना ऐकू आला.

तुम्ही म्हणाल, जपानी माणूस तरी शहाणा आहे. छे. इथे विजेवरून वाद चालतो. जपानचा पूर्व भाग ५० हर्ट्झवर आणि पश्चिम भाग ६० हर्ट्झवर चालतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जनित्रं जर्मनीची घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची. सीमारेषा शिझुओका प्रांतातल्या फुजी नदीवर. तर कुठल्या बाजूच्या विजेवर व्हायोलिन जास्त ओलं वाजतं, यावर इथले ज्येष्ठ नागरिक एकमेकांशी बोलणं सोडतात. तोक्योत काही रसिकांनी शेजाऱ्यांची वीज आपल्या विजेत मिसळू नये म्हणून घरापुरता स्वतंत्र खांब आणि रोहित्र बसवून घेतलं आहे. मी हे पुण्यात सांगायची चूक केली. कानसेन महावितरणच्या अर्जाचा नमुना शोधायला लागले.

गेल्या दिवाळीत मी तो प्रयोग केलाच. कानसेनांकडे फराळाला गेलो, त्यांना सोफ्यावर पाठमोरं बसवलं आणि म्हटलं, काका, एकच गाणं तीन वेळा लावतो. जपानी, जर्मन, अमेरिकन. क्रम सांगत नाही. आणि तिन्ही वेळा तीच तबकडी लावली, जपानी. तुम्ही ओळखलंच असेल. पहिली ऐकून ते म्हणाले, जर्मन, छाती ताठ आहे. दुसरी अमेरिकन, कडेला पत्रा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, पाठीमागूनसुद्धा ते मला कळलं, आणि म्हणाले, "आहाहा. हे आपलं." आतून काकू चकल्या घेऊन आल्या. कानसेन विजयाने म्हणाले, "हिला विचार, स्वयंपाकघरातून हिलाही फरक कळतो." काकू म्हणाल्या, "मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. चौथी झाली का?"

काय केलं ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ चकली खात राहिले आणि म्हणाले, "बरोबर. परीक्षेचं दडपण आलं की जपानी तबकडीसुद्धा आधी मोकळी होत नाही. तिसऱ्या वेळी खुलली."

आता खरं सांगतो, कारण तुमच्यापाशी लपवून काय करायचं. तिसऱ्या वेळी मलाही ती जास्त चांगली वाटली. तबकडी माझ्या हातात होती, फसवणूक माझी होती, आणि तरीही वाटली. नंतर पाहिलं तर आवाजाचं बटण माझ्याच हाताने केसभर पुढे गेलं होतं. डेसिबलचा लहानसा अंश पुरतो. 'मोठं' असं न जाणवता ते 'सुंदर' म्हणून जाणवतं. कानसेनांवर हसण्याचा माझा हक्क तिथे निम्मा झाला. उरलेला निम्मा मी वापरतो आहे.

कारण हेच काका दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला असतात. १९५३ पासूनचा महोत्सव, मांडव, थंडी, शेजाऱ्याचा खोकला, मधेच शीळ घालणारा माइक, मागून येणारा भज्यांचा वास. भीमसेनांची कुठल्या तरी सालची कॅसेट, जिच्यात फॅनचा आवाज तानपुऱ्याइतका स्पष्ट आहे, ती ऐकताना या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा त्यांना श्वास, पोत, काळोख काही लागत नाही. तेव्हा ते गाणं ऐकत असतात. आणि हेही सांगतो की ते सत्तरीचे आहेत. सीडीवर जवळजवळ २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज असतो. या वयात दहा-बारा हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. वरचा जवळजवळ अर्धा मजला रिकामा आहे आणि भांडण त्याच्या पडद्यांच्या रंगावरून.

शिबुयात 'लायन' नावाचं १९२६ पासूनचं एक कॉफीघर आहे. चर्चच्या वेदीसारखे दोन मजली स्पीकर, सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून, बोलायला मनाई. मी गेलो त्या दुपारी एक जुनी रेकॉर्ड लागली होती आणि ती तळणाऱ्या कढईसारखी तडतडत होती. आठ-दहा माणसं डोळे मिटून बसली होती. कुणी आतल्या कड्यावरचा आकडा विचारला नाही.

या खेपेची यादी काल आली. तीन तबकड्या. दोन मिळाल्या, ओबीसकट, फोटो पाठवून मंजुरी घेतली. तिसरी सीपी३५ होती, मालिका बरोबर, तबकडी आरशासारखी स्वच्छ, पण ओबी नव्हती, म्हणून ती दाराबाहेरच्या खोक्यात ३०० येनला पडली होती. फोटो पाठवला. उत्तर आलं, 'आणू नये.' ती मी स्वतःला घेतली. छान वाजते.